लेकराची शी आणि मांजरेचं पाणी

हैदराबादच्या नळांना 1965 पासून मांजरेचं पाणी येतं. बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातल्या बालाघाटाच्या डोंगरात ही नदी निघते. लातूर, बीदर ओलांडून ती संगारेड्डीच्या अंगाला येते आणि तिथेच शहरासाठी तिचं पाणी उचललं जातं. मग ती उत्तरेला वळते, निजामसागर करून नांदेड जिल्ह्याच्या कडेकडेनं जाते आणि कंदकुर्तीला गोदावरीत मिळते. माझं सासर हैदराबादेत आणि माहेर बिलोली तालुक्यात, याच नदीकाठी. वरच्या गावांचं पाणी मी सासरी पिते, आणि शहराची घागर भरून उरलेली नदी माझ्या माहेरी जाते. त्यामुळे काठावर कोण कुठे बसतं, याकडे माझं लक्ष जरा जास्तच असतं.

गेल्या खेपेला माहेरी गेले तर अंगणाच्या कडेला संडास. पत्र्याचं दार, आत फरशी, कोपऱ्यात प्लॅस्टिकचा डबा. भावानं सरकारचे बारा हजार आणि पदरचे थोडे घालून बांधलेला. घरातली मोठी माणसं तो वापरतात, अगदी माझी नव्वदीतली आईसुद्धा. पण भावाचा चार वर्षांचा नातू सकाळी उठला की आळीतल्या पोरांच्या मागे नदीकडे पळायचा. त्याची दीड वर्षाची बहीण अंगणात बसायची, आणि तिची आई ते कागदावर उचलून उकिरड्यावर टाकायची. मी काही म्हणायच्या आत सून हसून म्हणाली, “आत्याबाई, येवढंसं लेकरू, त्याची कसली घाण?”

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. संडास घरात आला तरी तो मोठ्यांसाठी आला, लेकरांना अजून कुणी त्यात मोजलेलंच नाही. मांजरा-गोदावरीच्या काठी देगलूर-बिलोलीपासून मद्नूर, जुक्कल, बासरपर्यंत मराठी बोलणाऱ्या घरांत मी हेच पाहत आले. गाव कागदावर हागणदारीमुक्त, पण नदीकाठची गोदरी लहान मुलांच्या नावावर चालूच.

आधी त्या घाणीचंच बोलू. दूध पिणाऱ्या बाळाच्या शीला वास कमी येतो, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात उलट आहे. जुलाबाचे विषाणू आणि जंतांची अंडी मोठ्यांपेक्षा लहान मुलांच्या पोटात जास्त सापडतात, कारण सगळं तोंडात घालण्याचं वय तेच. गोल जंताची एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते, आणि ती अंडी ओलसर मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. अंकुशकृमी या जंताची तऱ्हा निराळी. त्याची अळी ओल्या मातीतून अनवाणी पावलाच्या कातडीतून आत शिरते आणि आतड्याला चिकटून रक्त पिते. नदीकाठची सावलीतली, दमट, पोरांनी रोज तुडवलेली जागा या दोघांना अगदी मानवते. आणि उकिरड्यावर टाकलेली शीही तिथेच राहत नाही. कोंबडीच्या पायांनी, माशीच्या पंखांनी, पावसाच्या ओघळानं ती फिरून त्याच अंगणात रांगणाऱ्या दुसऱ्या लेकराच्या बोटांवर येते.

नांदेडकरांना एक गोष्ट मुद्दाम सांगते. 2004 च्या सुमारास महाराष्ट्रात एक प्रयोग ठरला होता. काही गावांत शौचालयाची मोहीम जोरात राबवायची, काहींत नाही, आणि मग मुलांची वाढ मोजायची. त्यासाठी अहमदनगर, नांदेड आणि नंदुरबार हे तीन जिल्हे धरले होते, पण प्रत्यक्षात तो अहमदनगरलाच झाला. तिथे मोहीम झालेल्या गावांतली मुलं उंचीला थोडी पुढे निघाली. पुढे बांगलादेश आणि केनियातल्या मोठ्या चाचण्यांत उंचीवर असा परिणाम दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण बांगलादेशातल्या चाचणीत मुलांचे जुलाब कमी झाले, आणि जुलाबानं सुकलेलं लेकरू ज्या आईनं मांडीवर घेतलं आहे तिला तेवढं पुरेसं आहे.

आता कामाचं. बाळ मान धरायला लागलं की आपल्याकडे आया दोन्ही पावलं जुळवून त्यावर बाळाला बसवतात आणि ‘शूऽऽ’ करतात. ही फार जुनी आणि फार चांगली रीत आहे, ती सोडू नका. फक्त पावलांखाली जुना कागद किंवा लहानसं टोपलं ठेवा आणि त्यातली शी लगेच संडासाच्या भांड्यात ओता, वर तांब्याभर पाणी. लंगोट धुताना पहिलं पाणीही भांड्यातच जाऊ द्या. नदीवर धुणं नेताना शीचे लंगोट त्यात नकोत. बाजारातल्या डायपरचं तेच. तो भांड्यात टाकला तर तुंबतो आणि नदीत टाकला तर कुठल्यातरी बाभळीला अडकून वर्षभर लटकतो. आधी आतली घाण भांड्यात झटका, मग गुंडाळून कचऱ्यात. आणि दर खेपेला तुमचे स्वतःचे हात साबणानं धुवा. बाळाला धुतल्यावर तोच हात पदराला पुसून भाकरीच्या पिठात जातो. चुलीवरचं दूध उतू चाललेलं असताना हात धुवायला कुठे जाणार, ते मला समजतं. म्हणूनच साबण संडासापाशी एक आणि चुलीपाशी एक, असे दोन ठेवा.

दीड-दोन वर्षांपासून प्लॅस्टिकचा पॉट उपयोगी पडतो. नसेल तर अंगणात एक जागा आणि एक सुपली फक्त याच कामाला नेमा. मूल बाहेर बसलंच तर सुपलीनं उचलून भांड्यात टाकायचं आणि सुपली धुऊन उन्हात टांगायची. पॉट संडासाच्या दारातच ठेवा, म्हणजे ‘हे इथलं काम’ एवढं तरी त्या डोक्यात शिरतं.

खरी अडचण तीन ते सहा वर्षांच्या वयात. त्या दिवशी मी भावाच्या नातवाला विचारलं, “तू आत का जात नाहीस रे?” तो म्हणाला, “आत खड्डा हाय. मी पडीन.” मी दार लावून स्वतः उकिडवी बसले आणि त्याच्या उंचीवरून पाहायचा प्रयत्न केला. पाय ठेवायच्या विटा त्याच्या पायांना लांब पडत होत्या. मधलं भोक त्याला विहिरीएवढं दिसत असणार. वर खिडकी नाही, भिंतीवर पाल. कडी इतकी वर की आतून त्याला निघेना. पाण्याचा ड्रम त्याच्या छातीएवढा, आणि त्यात वाकायचं तर तोच आत जाईल. ज्या घरानं बारा हजारांचा संडास बांधला, त्या घरानं चार वर्षांच्या माणसासाठी त्यात काहीही ठेवलेलं नव्हतं.

त्या दुपारी आम्ही जे केलं त्याला फारसा पैसा लागला नाही. जुन्या पाटाला मधोमध भोक पाडून तो भांड्यावर बसेल असा घासून घेतला, वर रंग लावला म्हणजे धुता येईल. मूल बसलं की पाट, मोठं माणूस आलं की पाट भिंतीला उभा. समोरच्या भिंतीत त्याच्या हाताच्या उंचीवर एक जाड दोरीचा फास ठोकला, धरून बसायला. दाराच्या वरच्या पत्र्यात चौकोनी झरोका कापला आणि बारीक जाळी मारली. कडीच्या खाली दुसरी छोटी कडी. ड्रमशेजारी अर्ध्या लिटरचा डबा आणि तो बुडवण्यापुरती लहान बादली. एवढं झाल्यावर पहिले आठ दिवस दार उघडं आणि आजोबा दाराबाहेर विडी ओढत बसलेले. विडीवर माझा आक्षेप होता, पण त्या आठवड्यापुरता गिळला.

वेळेचं म्हणाल तर जेवण किंवा न्याहारी झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी बसवा. पोट भरलं की आतडं आपोआप हलतं, तो निसर्गाचा बोलावा आहे. पाच-सात मिनिटांत झालं नाही तर उठू द्या. ‘झाल्याशिवाय उठायचं नाही’ असा दम दिलात तर मूल दाबून धरायला शिकतं. मग खडा होतो, खडा दुखतो, दुखतं म्हणून ते आणखी दाबतं, आणि त्या दुखण्याचा दोष संडासावर जातो. आपल्याकडे पहाटे शिट्ट्या वाजवत, टॉर्च मारत गुड मॉर्निंग पथकं फिरली. मोठ्यांवर त्याचा काही उपयोग झाला की नाही, यावर वाद घालता येईल. मुलांवर मात्र हा उपाय कधीच करू नका. लाजवलेलं मूल नदीवर जायचं थांबत नाही, ते फक्त लांबच्या झुडपामागे जातं. संगारेड्डीच्या बाजूला बंधाऱ्याच्या पाण्यात मगरी आहेत, तिथे अभयारण्यच आहे. आपल्याकडे मगर नसली तरी पावसाळ्यात निसरडी दरड आणि साप सगळीकडे आहेत.

सहा वर्षांच्या सुमारास मुलानं स्वतःला धुवायला शिकावं. मुलींना पुढून मागे धुवायला शिकवा, म्हणजे लघवीच्या जागी जंतू जात नाहीत. मग दोन्ही हातांना साबण, बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखं. साबण नसेल तर चुलीतली स्वच्छ राख चालेल, माती नको. आपल्या आज्या मातीनं हात धुवायच्या, पण त्याच मातीत जंतांची अंडी असतात, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

नळ नसलेल्या अंगणात हात धुवायला एक सोपी युक्ती आहे, तिला टिपी टॅप म्हणतात. पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन घ्या. तोंडाजवळ वरच्या बाजूला तापवलेल्या खिळ्यानं एक भोक पाडा. दोन मेढी रोवून आडव्या काठीवर कॅन मुठीतून टांगा. तोंडाला दोरी बांधून ती खाली एका लाकडी काडीला बांधा. पायानं काडी दाबली की कॅन वाकतो, बारीक धार येते, आणि मळका हात कुठे लागतच नाही. शेजारी साबण जुन्या मोज्यात घालून लटकवा, म्हणजे कावळा नेत नाही आणि तो चिखलात पडत नाही. खाली थोडे गोटे टाका, पाणी मुरेल. पोरांना हे खेळणं वाटतं आणि ती दिवसातून दहादा हात धुतात. पाणी वाया जातं म्हणून त्यांना ओरडू नका.

शाळेत एकच गोष्ट तपासा, संडासाची किल्ली कुणाकडे आहे. शाळेत मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं असावीत हे शिक्षणहक्क कायद्यानं 2009 मध्येच सांगितलं. पण मी पाहिलेल्या एका शाळेत मुलींच्या संडासाला कुलूप होतं, ‘घाण करतात’ म्हणून. मुली मग सकाळपासून पाणीच पीत नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात. पुढच्या बैठकीत किल्ली, पाणी आणि झाडणारं माणूस हे तीनच विषय काढा. आणि झाडायला मुलांना लावायचं नाही, त्यातही विशिष्ट घरांतल्या मुलांना तर मुळीच नाही.

आता खड्ड्याकडे येऊ, कारण नदीकाठी सगळं त्यावर अडतं. गावात संडासाचं भांडं तीव्र उताराचं हवं, ज्याला दीड-दोन लिटर पाणी पुरतं. शहरातलं भांडं बसवलंत तर दर खेपेला बादली लागते. ती बादली चार वर्षांचं मूल उचलू शकत नाही, मग घाण तशीच राहते आणि पुढचा माणूस नाक धरून नदीवर जातो. खड्डे दोन हवेत, एकमेकांपासून किमान एक मीटर लांब, तीन-चार फूट खोल, जाळीच्या विटांच्या बांधकामाचे, तळाला सिमेंट न केलेले. मधल्या चेंबरमधून एका वेळी एकच खड्डा चालू, दुसरीकडचं तोंड विटेनं बंद. दोन्ही चालू ठेवणं ही नेहमीची चूक. पाच-सहा माणसांच्या घराला एक खड्डा भरायला साधारण तीन ते पाच वर्षं लागतात. भरला की तोंड बदला आणि पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवा. आतलं पाणी मातीत मुरतं, घाणीचं कोरडं, वास नसलेलं सोनखत होतं.

इथे बरीच माणसं थबकतात. खड्डा उपसायचा कोणी, ही भीती आणि त्यामागची जातीची जुनी गाठ. त्या भीतीनंच लोक मोठमोठ्या टाक्या बांधतात आणि संडास मुलांनी वापरू नये म्हणून दार लावतात, ‘लवकर भरेल’ म्हणून. हीच भीती मोडायला फेब्रुवारी 2017 मध्ये हैदराबादच्या बैठकीला आलेले 23 राज्यांचे अधिकारी वरंगळजवळच्या गंगदेवीपल्लीला गेले. तिथे केंद्राचे स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः खड्ड्यात उतरले आणि सगळ्यांनी मिळून सहा घरांचे मुरलेले खड्डे हातानं उपसले. पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेखही केला. एका दिवसानं काय होतं, असं म्हणणारे भेटतील आणि ते फारसे चुकीचे नाहीत. पण एक गोष्ट तिथे सगळ्यांना दिसली, की आतून निघालं ते काळं भुसभुशीत खत होतं. तुमच्या गावात कुणाचा जुना खड्डा पिकला असेल तर तो उघडताना शाळेतल्या मुलांना दाखवा. मात्र भरून वाहणारा किंवा ताजा खड्डा आणि सेप्टिक टाकी यांत कुणालाही उतरवू नका. टाकीतल्या वायूनं माणसं मरतात आणि तसं उतरवणं कायद्यानं गुन्हा आहे.

नदीकाठच्या जमिनीत पाणी वर असतं. खड्ड्याचा तळ पावसाळ्यातल्या भूजलापासून दोन मीटर वर आणि विहीर-हातपंपापासून निदान दहा मीटर लांब हवा. भूजल तेवढं खाली नसेल तर खड्डा उथळ आणि रुंद करा, अर्धा जमिनीच्या वर बांधून भोवती मातीचा उतार द्या. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, म्हणून खड्ड्याभोवती फूटभर वाळूचं आवरण भरा. सेप्टिक टाकीचं पाणी नाल्यात सोडायचं नाही. नाला नदीलाच जातो. यावर एखादा वाचक मला विचारील, की हैदराबाद मांजरा पितं आणि स्वतःचं सांडपाणी मुसी नदीत सोडतं, त्याचं काय? घटकेसरच्या पुढची शेतं त्याच पाण्यावर पिकतात. माझ्याकडे याला उत्तर नाही, मान खाली घालण्यापलीकडे.

मुखेड, देगलूरकडची कितीतरी कुटुंबं हैदराबादेत बांधकामावर येतात. त्यांच्या लेकरांना गावात लागलेली सवय इथे आठवड्यात सुटते, कारण साइटवर संडासच नसतो. तुम्ही अशा कामावर असाल तर लक्षात ठेवा, कामाच्या जागी शौचालय देणं हे कायद्यानं मालकाचं काम आहे. मोठ्या साइटवर पाळणाघरही. मुकादमाला एकट्यानं नाही, चौघींनी मिळून सांगा. जंताची गोळीही अशीच स्थलांतरात हुकते. 10 फेब्रुवारीला अंगणवाडीत आणि शाळेत ती फुकट मिळते, एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, त्यापुढे पूर्ण. गावी हुकली तर हैदराबादेतल्या अंगणवाडीत मागा.

पूर आला तर खड्डा पाण्याखाली जातो. तेव्हा तो वापरायचा नाही. बाळाची शी पिशवीत बांधा. मोठ्या मुलांनी उंचावर, पाण्यापासून लांब, खुरप्यानं वीतभर खड्डा करून वर माती ओढायची. माझी आई आम्हाला लहानपणी सांगायची, मांजर बघा, आपलं आपण झाकून जातं, आणि तुम्ही तर मांजरेकाठची. पाणी उकळून प्यायचं. विहीर आणि हातपंपात गावाच्या जलसुरक्षकानं टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्याशिवाय तिथलं पाणी वापरायचं नाही. जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसचं एक अख्खं पाकीट, घोट घोट, आणि चौदा दिवस झिंकची गोळी. दोन्ही आशाताईंकडे मिळतात. अंगावरचं दूध थांबवू नका. शीत रक्त दिसलं, डोळे खोल गेले किंवा लेकरू पाणीच घेईना, तर पाण्याचा पूर ओसरायची वाट न पाहता दवाखाना गाठा.

परवा सुनेचा फोन आला. नातू आता पाट स्वतः मांडतो म्हणे, पण संध्याकाळनंतर आत जायला तयार नाही. झरोक्यातून चांदणं येत नाही अशी त्याची तक्रार आहे. भाऊ म्हणतो, एवढ्याशा पोरासाठी तिथे बल्ब कशाला? मी त्याला सांगितलं, वायरीचे पैसे मी पाठवते, बल्ब तू आण.